तांडेलाचा वाटा

नौदलाचा विमानतळ
(गावाचं नाव लिहायला बंदी आहे)
९ फेब्रुवारी १९४३

प्रिय एल्स्पेट,

पेपरात वाचलं असशीलच, तरी भाऊ म्हणून रीतसर कळवतो. तुझ्या धाकट्या भावाला शौर्यपदक मिळालं आहे. ऑक्टोबरात नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ मी शत्रूचं तेलवाहू जहाज टॉर्पेडो मारून बुडवलं, त्याबद्दल. फोटोतला तो दात विचकणारा गाढव मीच. फोटोवाल्यानं हसायला लावलं.

पदक मिळाल्यापासून माझी पुरती वाट लागली आहे. विमानवाहू जहाजावरून मला उतरवलं आणि इथे नव्या पोरांना लाकडी टॉर्पेडो टाकायला शिकवायला बसवलं. मला माझं विमान द्या म्हटलं की वरिष्ठ म्हणतात, "मेअर, तू आता फार मोलाचा आहेस." म्हणजे मी कपाटात ठेवायची बशी झालोय. दर आठवड्याला कुठल्या तरी कारखान्यात नेऊन मला स्टुलावर उभं करतात आणि बायका टाळ्या वाजवतात. त्यांना माझ्यापेक्षा जेवणाच्या सुट्टीची घाई असते, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

समारंभ ६ एप्रिलला, लंडनला. प्रत्येकाला दोन पाहुणे आणता येतात. माझे दोन म्हणजे तू आणि बाबा. बाबांचा काळा कोट झाडून ठेव.

आणि त्यांचं एका ओळीचं पत्र का नाही? बातमी येऊन आठवडे लोटले. सगळ्या जगानं पाठ थोपटली. ज्याची थाप हवी होती तो एबेन मेअर तेवढा गप्प. काही झालंय का?

तुझा,
गॅव्हिन


पोर्टलेनन
२० फेब्रुवारी

प्रिय गॅव्हिन,

आधी माझं अभिनंदन घे, कारण पुढचं वाचल्यावर घ्यायच्या मनःस्थितीत तू नसशील.

बातमी आली त्या दिवशी मी मासे धुरवायच्या वखारीतून धुराचा वास घेऊन तशीच धावत घरी आले आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "त्या विमानात किती जण असतात?"

म्हटलं, "तिघं."

"बाकीच्या दोघांना काय मिळालं?"

मी पुन्हा वाचलं. त्यांचं नावसुद्धा नव्हतं. तसं सांगितलं. बाबांनी पेपर माझ्या हातातून घेतला, नीट घडी केली आणि म्हणाले, "म्हणजे सगळं यानंच घरी आणलं." बस्स. दुसऱ्या दिवशी तुझ्या फोटोत माशांची डोकी बांधून मांजराकडे गेली.

तू आता साहेब झालास, विसरला असशील, म्हणून आठवण करून देते. धक्क्यावर मासळीचे ढीग लागायचे. प्रत्येकजण आपली एकेक खूण बाबांच्या टोपीत टाकायचा, कुणी बटण, कुणी खडा, कुणी बिस्किटाचा तुकडा. मुठीतून टाकायची, म्हणजे कोणाची कोणती ते दिसू नये. मग पाठ करून उभ्या असलेल्या कोणीतरी टोपीत हात घालून एकेक खूण काढायची आणि ढिगावर ठेवायची. जो बुडाला त्याचाही ढीग लागायचा, त्याची खूण त्याची बायको टाकायची. बाबा होडीचे प्रमुख, तांडेल; तांडेलाची खूण सगळ्यांच्या शेवटी टोपीत पडायची. जाळ्यात ती पितळी घंटा आली तेव्हा सगळे म्हणाले, तांडेल, ही तुझी. बाबांनी ऐकलं नाही. घंटा तोडून वाटता येत नाही तर एकाच खुणेवर जाईल म्हणाले, आणि गेली ती स्वयंपाक्याच्या खुणेवर. अजून त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर लटकतेय.

आणि दुसऱ्या आळीचा तो तांडेल आठवतो, ज्यानं खलाशांचा वाटा दाबला? गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं. तो मेला तेव्हा खांदा द्यायला बाहेरगावची माणसं आणावी लागली. बाबांनी तुला त्याच्याच पंक्तीला बसवलंय.

काल नगराध्यक्ष लेग घरी आले. तुझ्यासाठी पताका, बँड आणि भाषण म्हणाले. बाबा म्हणाले, "बँड वाजवायचा तर त्याच्या खलाशांच्या गावात जाऊन वाजव." लेगसाहेबांनी चहासुद्धा अर्धा टाकला.

कोट मी झाडला आहे. पण तो अंगात घालायचा त्यांचा विचार दिसत नाही. दोघांना का वगळलंस, ते मला तरी सांग.

तुझी,
एल्स्पेट


२७ फेब्रुवारी

एल्स्पेट,

वगळलं? मी? तुमचं दोघांचं डोकं ठिकाणावर आहे का?

कागद फाडून पुन्हा लिहायला बसलोय. शांतपणे सांगतो. बाबांना वाचून दाखव, आणि मोठ्यानं.

आमचं विमान म्हणजे दोन मजली पंखांचं, कापडाचं, वरून उघडं. आम्ही त्याला बाजारची पिशवी म्हणतो. पुढे मी. मधे ह्यू पार्मिटर, नकाशा आणि गळ्यात दोरीनं बांधलेली पेन्सिल घेऊन. आपण कुठे आहोत हे सांगणं त्याचं काम. मागे विल्फ हॅलिवेल, बिनतारी यंत्र आणि एक बंदूक घेऊन. टॉर्पेडो टाकायचा तर पाण्याला पोट लागेल इतकं खाली येऊन नाकासमोर जावं लागतं, आणि समोरच्या जहाजावरचा जो तो आपल्यावर गोळ्या झाडत असतो. यात शौर्य एवढंच की वळायचं नाही. मी वळलो नाही. टॉर्पेडो लागला. पदकाचं काम तिथेच संपलं.

मग परतताना ह्यूला गोळी लागली. हूं की चूं न करता गेला. पाठोपाठ बर्फ सुरू झालं. मला ना समुद्र दिसत होता ना आभाळ, आणि आपलं जहाज कुठे आहे हे ज्याला ठाऊक तो मेलेला. विल्फ सरपटत ह्यूच्या जागेत आला, त्याला बाजूला टेकवलं आणि तिथलं दिशा दाखवणारं यंत्र लावून बसला. जहाजावरून दिशेचा एक बारीक संकेत येत असतो, तो कळ केसभर फिरवून पकडावा लागतो. जाड हातमोज्यात ते होत नाही. त्यानं हातमोजा काढला. उघड्या विमानात, त्या गारठ्यात. परत घातलाच नाही. बोलायच्या नळीतून मला सांगत राहिला, "थोडं डावीकडे सर. आता असंच." मी पेंगायला लागलो की एक घाणेरडं गाणं म्हणायचा. उतरलो तेव्हा त्याची बोटं कळीला चिकटली होती. दोन कापावी लागली.

हे सगळं मी त्याच आठवड्यात लिहून दिलं होतं. तिघांसाठी. लंडनहून उत्तर आलं की हे पदक मेलेल्याला देता येत नाही, म्हणून ह्यूचं फक्त नाव छापतील. विल्फ अधिकारी नाही. खलाशांचं पदक वेगळं, आणि या खेपेची खलाशांची पदकं वाटून संपली. संपली, एल्स्पेट! दुकानातलं लोणी संपावं तशी. मी पुन्हा लिहिलं. मग पुन्हा. आता विल्फला उडता येत नाही म्हणून एका तळावर भटारखान्यात बटाटे सोलायला बसवलंय. उजव्या हाताला तीनच बोटं उरलेल्या माणसाला बटाटे!

वाटा मी दाबला नाही. माझ्या होडीत वाटणी तांडेल करत नाही. हे त्यांच्या डोक्यात घाल.

गॅव्हिन


पोर्टलेनन
८ मार्च

प्रिय गॅव्हिन,

वाचलं. मोठ्यानं वाचलं, दोनदा. बाबा जाळं विणत बसले होते. हातमोज्यापाशी त्यांचा हात थांबला. गाण्यापाशी त्यांनी मला गाणं विचारलं. मला काय माहीत! शेवट ऐकून झाल्यावर म्हणाले, "वाटणी कोणी केली म्हणतो?"

म्हटलं, "लंडनला वर कोणीतरी."

"तो होडीत होता?"

"नाही."

"मग त्याच्या हाती टोपी कशी? हे बघ एल्स्पेट, आरमारानं माझी 'मॉर्निंग स्टार' नेली, सुरुंग काढायला. जहाज नेलं तेव्हासुद्धा दारात येऊन माझी सही मागितली. तांडेलाच्या सहीशिवाय दोरी सुटत नाही. मग याच्या माणसांचा वाटा याला न विचारता कसा गेला? यानं सही केली असणार. किंवा करताना वाचलं नसणार. आता थाप मारतोय."

"बाबा, तिथे तशी रीत नाही."

"तशी रीत नाही अशी होडी नसते."

मी भांडले. तू म्हणशील नुसती बघत बसली, म्हणून सांगते, ताट आपटण्यापर्यंत भांडले. गेल्या आठवड्यापासून घरात दोघांच्या वाटचा चहा वेगळा होतो. त्या पदकाचं ते नावही घेत नाहीत, "ती वस्तू" म्हणतात, होडीत अपशकुन म्हणून डुकराचं नाव टाळतात तसं.

मला तुझं सगळं पटतं, गॅव्हिन. पण बाबांचं चूक आहे असं जोरात म्हणायला गेले की वाक्य अर्धंच सोडते. चूक असायला नको होतं, असं वाटतं.

ते लंडनला येणार नाहीत. त्यांना एकटं सोडून मी आले तर घरात बोलणारं कोणी उरणार नाही. राग मानू नकोस. मान हवा तर, पण त्या मुलाला बटाट्यांतून बाहेर काढ.

एल्स्पेट


(तळावरून)
१५ मार्च

साहेब,

हे पत्र तळाच्या पेटीत टाकलं तर आमचे लेफ्टनंट ते आधी वाचणार, म्हणून एका दोस्ताकडून गावातल्या पेटीत टाकतोय. पकडला गेलो तर तुमच्या नावानं खडे फोडीन.

तुम्ही माझ्यासाठी लिहिताय त्याबद्दल आभार. आता कृपा करून बंद करा.

तुमचं पत्र लंडनला जातं. लंडनवाले आमच्या कमांडरला विचारतात. कमांडर लेफ्टनंटला, लेफ्टनंट मला. मला उभं करून विचारतात, "हॅलिवेल, तू तक्रार केलीस का?" मी म्हणतो, नाही सर. "मग तुझा पायलट का बोंबलतोय?" मी म्हणतो, त्यांची सवय आहे सर. मग लेफ्टनंटला वाटतं की मी आगाऊपणा करतोय. तुमच्या दर पत्रागणिक माझं एक पोतं बटाटे वाढतं. हे मी रडगाणं म्हणून नाही सांगत, हिशेब म्हणून सांगतोय. सोलायचं बरं जमतंय. अंगठा शाबूत आहे ना, सगळा खेळ अंगठ्याचा.

पदक मिळालं असतं तर घेतलं असतं, खोटं कशाला बोलू. आईनं चपलांच्या कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आता त्या बायका विचारत नाहीत, आणि न विचारण्यानंच तिला जास्त लागतं. पण तुम्ही भांडून आणलंत तर ते माझं पदक नाही राहणार, तुमच्या भांडणाचं राहील.

मला राग त्याचा नाही. राग याचा की मला उडू देत नाहीत. यंत्र मी डाव्या हातानं लावू शकतो. तुम्हाला लिहायचंच असेल तर ते लिहा. आणि मिस्टर पार्मिटरच्या आईला लिहिलंत का? मी लिहायला बसलो होतो, पण मी मागून पुढे सरकलो तेव्हा त्यांना कसं बाजूला केलं ते शब्दांत येईना.

तुमचा आज्ञाधारक (बऱ्याचदा),
विल्फ हॅलिवेल


२४ मार्च

एल्स्पेट,

विल्फचं पत्र सोबत पाठवतोय. वाच आणि मला सांग मी काय करू. वर लिहिलं तर विल्फला बटाटे. नाही लिहिलं तर बाबांच्या लेखी मी चोर. तो उडू शकतो असं लिहिलं, त्याचंही उत्तर आलं: "दखल घेण्यात आली आहे." आज मी माझं पदक नको म्हणून कळवायला गेलो. वरिष्ठांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मूर्खपणा करू नकोस. तू नाकारलंस म्हणून ते हॅलिवेलला जाणार नाही. फक्त त्याचा पायलट वेडा ठरेल, आणि वेड्याच्या शिफारशीला कोण विचारतं?" तेही खरंच. सगळ्यांचंच खरं असतं, एकट्या माझंच खरं कोणाला खरं वाटत नाही.

मी ह्यूच्या आईकडे गेलो होतो. बाई एकटीच आहे. तिनं मला त्याची पेन्सिल दाखवली, तीच, दोरीसकट. त्याच्या सामानातून आलेली. म्हणाली, "शेवटी तो काही बोलला का?" मी म्हटलं, नाही. बरं वाटेल असं काही सांगायचं ठरवून गेलो होतो, पण तिच्याकडे बघून सांगवेना. ती म्हणाली, "बरं झालं, तुम्ही काही रचलं नाही. बाकी सगळे रचतात."

तर समारंभाचे दोन पास मी विल्फच्या आईला आणि मिसेस पार्मिटरना पाठवले आहेत. बाबांना सांग, त्यांची खुर्ची रिकामी राहणार नाही. ज्यांची होती त्यांनाच दिली आहे. आता त्यांना जे समजायचं ते समजू दे. मी दमलो.

गॅव्हिन


पोर्टलेनन
२ एप्रिल

गॅव्हिन,

मला लिहायचा कंटाळा आहे हे तुला ठाऊक आहे.

पास त्या दोघींना दिलेस ते एल्स्पेटनं वाचलं. तेवढं बरोबर केलंस. मुलाचं पत्रही वाचलं. मुलगा होडीत घेण्यासारखा आहे.

वाटणी मात्र राहिली आहे. लंडनवाल्यांनी केली असेल ती त्यांची. माल घरी आल्याशिवाय वाटणी झाली असं मी मानत नाही. वस्तू हातात आली की घेऊन ये. मुलाला आण. मेलेल्याची आई येत असेल तर तिलाही आण. १७ तारखेला शनिवार आहे. माझ्या टेबलावर होईल. टोपी मी धरीन.

न तुटणारी वस्तू आली तर काय करायचं ते तुला माहीत आहे. घंटेचं केलं तसं.

ज्याच्या खुणेवर जाईल त्याचं. मग तू कुरकुर करायची नाही आणि मीही नाही.

एबेन मेअर


(विमानतळावरून)
२१ एप्रिल

एल्स्पेट,

तू तिथेच होतीस, तरी लिहितोय. कोणाशी तरी भांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि बाबांनी कुरकुर करायची नाही असं आधीच बजावून ठेवलंय.

लंडनचं तर सांगण्यासारखं काही नव्हतंच. आत जायच्या आधीच कोटाला एक छोटा हूक लावून देतात, म्हणजे वर पदक नुसतं अडकवायचं. पुढे सरका, थांबा, वाका, मागे सरका. कारखान्यातल्या पट्ट्यावरून बाटल्या जातात तसे आम्ही गेलो. विल्फची आई मात्र टोपीवर पिसं लावून आली होती आणि मिसेस पार्मिटरचा हात धरून बसली होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तुम्ही छान वाकलात." दिवसभरात कानाला बरी वाटलेली तेवढीच गोष्ट.

पण शनिवार! मी पोर्टलेननला केवढी आशा घेऊन आलो होतो म्हणून सांगू? हिशेब साधा होता. तिघांच्या खुणा, दोन तरी माझ्याविरुद्ध. विल्फला लागलं तर लंडन काही का म्हणेना, ते त्याच्या आईच्या कपाटात जाऊन बसलं असतं. ह्यूच्या आईला लागलं असतं तरी मी टोपी उडवली असती. मी माझं बटण टोपीत टाकलं तेव्हा देवाला सांगितलं, हे सोडून काहीही काढ. धक्क्यावर आठवतं ना, माझा ढीग नेहमी सगळ्यांत किरकोळ माशांचा यायचा? सगळ्या आयुष्यात एकदाही माझी खूण चांगल्या ढिगावर पडली नाही. म्हटलं आजही पडणार नाही.

विल्फनं त्याच्या आईच्या कारखान्यातलं चपलेचं बक्कल आणलं होतं, ते आधी सगळ्यांना कौतुकानं दाखवलं. मिसेस पार्मिटरनं ती पेन्सिल काढली तेव्हा माझ्याच्यानं बघवेना. बाबांनी तर पदकाला हातही लावला नाही, सुरीच्या मुठीनं ढकलत ढकलत टेबलाच्या मधोमध नेलं. मग एकेकाची मूठ टोपीत गेली, माझी शेवटी. तू पाठ करून उभी राहिलीस, हात मागे केलास, आणि किती वेळ लावलास! आणि काय काढलंस तर माझं बटण.

माझं तोंड बघण्यासारखं झालं असेल. विल्फ "अभिनंदन साहेब!" म्हणून ओरडला आणि ओटच्या भाकऱ्यांवर तुटून पडला. मिसेस पार्मिटर हसली. आणि बाबांनी ते उचललं, स्वतःच्या हातानं, आणि माझ्या कोटाला लावायला आले. जाड बोटं, टाचणी काही लागेना, दोनदा मलाच टोचली. शेवटी लागली तेव्हा म्हणाले, "आता ठीक."

काय ठीक? मला सांग ना. लंडनचं शेवटचं उत्तर काल आलं, प्रकरण बंद. विल्फ सोमवारी परत बटाट्यांना गेला. ह्यूचं नाव अजून छापायचंच आहे. आणि आपल्या घरच्या टेबलावर, जिथे सरळ न्याय मिळेल म्हणून मी चार गाड्या बदलून आलो, तिथेही नशीब अधिकाऱ्याच्याच बाजूला! बाबा माझ्याशी पुन्हा बोलायला लागले, त्याचा आनंद झालाय. खूप झालाय. पण त्यासाठी मला असं परत पदक नको होतं. दुसऱ्यांदा मिळालं, आणि दोन्ही वेळा ज्यांचं त्यांना गेलं नाही.

तुझ्या हाताला जरा चांगली सवय लाव.

गॅव्हिन


पोर्टलेनन
२८ एप्रिल

प्रिय गॅव्हिन,

माझ्या हाताला नावं ठेवतोस काय? बस आणि नीट वाच. सांगायचं नाही असं ठरलं होतं. पण तू रडतच बसणार असशील तर मी कोणासाठी तोंड बंद ठेवू?

मी मागे हात करून टोपीत घातला तर टोपी रिकामी. मला वाटलं अस्तर फाटलं आणि सगळं खाली पडलं. बोटांनी चाचपत राहिले, म्हणून वेळ लागला. मग कडेला शिवणीपाशी एक बटण लागलं. तुझं. दुसरं काही नव्हतं. बक्कल नाही, पेन्सिल नाही. मी वळून बोलणार होते, तेवढ्यात बाबांनी टोपीच्या बाहेरून माझं मनगट दाबलं आणि म्हणाले, "काढ."

मी काढलं. मला आणखी काय काढता येणार होतं!

तुम्ही सगळे बंदर बघायला गेलात तेव्हा मी टेबल आवरलं. विल्फच्या बशीखाली बक्कल होतं. त्याला एकट्याला गाठून विचारलं. आधी म्हणाला, "अरेच्चा, पडलं वाटतं." मी तशीच बघत राहिले तेव्हा म्हणाला, "साहेब सरळ गेले, मिस. सगळे गोळ्या झाडत होते आणि ते वळले नाहीत. मी मागे तोंड करून बसलो होतो, मला वळायचं की नाही हे विचारायचीसुद्धा सोय नव्हती. ते वळले असते तर मी आज दहा बोटांचा असतो, पण ते जहाज बुडालं नसतं. माझा वाटा मला ठाऊक आहे. तो मी त्यांना दिला. तुम्ही सांगू नका, ते लगेच लंडनला पत्र लिहितील."

मिसेस पार्मिटरना मी विचारलं नाही. निघताना त्यांनीच हातमोजा काढून माझा हात धरला, तेव्हा पेन्सिल हातमोज्यात दिसली. म्हणाल्या, "ही मला परत टोपीतून घ्यायची नव्हती. ती ह्यूची आहे. आणि ते पदक तुमच्या भावाचं." दोघांनी आपसात काही ठरवलं नव्हतं, गॅव्हिन. विल्फला तिचं ठाऊक नव्हतं, तिला विल्फचं नाही. दोघांच्या बोलण्यावरूनच ते कळलं.

राहिले बाबा. टोपी त्यांच्या हातात होती. एक बटण आणि तीन वस्तू यांचं वजन त्यांना कळलं नाही असं तुला वाटतं? संध्याकाळी मी त्यांना धरलंच. म्हटलं, जन्मभर टोपीला कोणाचा हात लागू दिला नाहीत, आणि आज डोळ्यांदेखत अशी वाटणी?

ते जाळ्याची सुई शोधत बसले, ती त्यांच्याच कानावर होती. मग म्हणाले, "खलाशाला आपला वाटा कोणाला द्यायचाय ते खलाशी ठरवतो. तांडेलानं मधे पडायचं नसतं. पोरानं लिहिलं होतं ना, त्याच्या होडीत वाटणी तांडेल करत नाही म्हणून? मी त्याला खोटा ठरवला. खरं बोलत होता तो." आणि मग, सुई कानावरून काढून, "तो मुलगा बटाटे सोलतो म्हणतेस? थोडी अक्कल असलेल्या कोणाला तरी विचार, डाव्या हातानं यंत्र चालवणारा माणूस आपल्या मासेमारीच्या होड्यांना लागतो का. युद्ध काही जन्मभर चालणार नाही."

तेव्हा रडं आवर. लंडननं दिलं त्याच्याशी तुझं भांडण चालू दे, ते संपू देऊ नकोस, विल्फची आई अजून त्या न विचारणाऱ्या बायकांत कारखान्यात जाते. पण शनिवारी जे तुझ्या कोटाला लागलं ते लंडनचं नाही.

काल सकाळी मी वखारीत जाताना बाबा धक्क्यावर होते. नगराध्यक्ष लेग चार माणसांना घेऊन उभे होते, त्यांनी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "काय एबेन, लंडननं तुझ्या पोराला शेवटी पदक दिलं म्हणे?"

बाबा दोरी गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "लंडननं नाही. वाटणीत आलं."

तुझी,
एल्स्पेट